ग्लोबिन जनुकांची अभिव्यक्ती

ग्लोबिन जनुकांची अभिव्यक्ती म्हणजे डीएनएमध्ये साठवलेल्या माहितीनुसार हिमोग्लोबिनमधील ग्लोबिन ही प्रथिने तयार होण्याची क्रिया होय. ही प्रथिने कोणत्या पेशीत, आयुष्याच्या कोणत्या टप्प्यावर आणि किती प्रमाणात तयार व्हावीत याचे नियमनही या संज्ञेत येते. हिमोग्लोबिन तांबड्या रक्तपेशींत असते आणि फुप्फुसांतील प्राणवायू शरीरभर पोहोचवते. न्यूक्लिइक अम्ले आणि प्रथिने यांच्यातील नात्याविषयीचे अनेक मूलभूत निष्कर्ष याच प्रथिनाच्या अभ्यासातून निघाले. रक्त सहज मिळते आणि तांबडी पेशी म्हणजे जवळजवळ एकाच प्रथिनाने भरलेली पिशवी असते, हे त्याचे साधे कारण. ग्लोबिन जनुकांच्या रचनेतील किंवा नियमनातील बिघाडामुळे सिकलसेल आजार आणि थॅलसेमिया हे आनुवंशिक रक्तविकार होतात. दोन्ही विकार भारतात व महाराष्ट्रात लक्षणीय प्रमाणात आढळतात.

हिमोग्लोबिनची रचना

प्रौढ माणसातील मुख्य हिमोग्लोबिन, म्हणजे हिमोग्लोबिन-ए, चार साखळ्यांचे बनलेले असते. त्यांपैकी दोन अल्फा साखळ्या प्रत्येकी १४१ ॲमिनो अम्लांच्या, तर दोन बीटा साखळ्या प्रत्येकी १४६ ॲमिनो अम्लांच्या असतात. प्रत्येक साखळीच्या घडीत हीम नावाचा लोहयुक्त घटक बसलेला असतो. प्राणवायूचा रेणू या लोहाच्या अणूला धरून राहतो व ऊतींत पोहोचल्यावर सुटतो. एका तांबड्या पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात. पाणी वगळले तर पेशीच्या वजनाचा सुमारे ९५ टक्के भाग याच प्रथिनाचा असतो. हिमोग्लोबिनची त्रिमितीय रचना मॅक्स पेरुट्झ यांनी केंब्रिज येथे क्ष-किरणांच्या साहाय्याने उलगडली. हे काम वीस वर्षांहून अधिक काळ चालले होते. त्याबद्दल त्यांना १९६२ मध्ये जॉन केंड्रू यांच्यासह रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. जुन्या पेशींची जागा भरून काढण्यासाठी शरीर दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक नव्या पेशी तयार करते. ग्लोबिन जनुकांवर पडणारा कामाचा भार यावरून लक्षात येतो. या जनुकांच्या बाबतीत प्रथिन तयार होते की नाही एवढाच प्रश्न नसून ते किती तयार होते हाही तितकाच महत्त्वाचा प्रश्न आहे.

जनुके आणि त्यांची मांडणी

डीएनए हे न्यूक्लिओटाइडांच्या दोन लांब साखळ्यांचे बनलेले न्यूक्लिइक अम्ल आहे. ॲडेनिन (ए), थायमिन (टी), ग्वानिन (जी) आणि सायटोसिन (सी) हे चार आधारक त्यातील अक्षरे मानली जातात. समोरासमोरच्या साखळ्यांत ए-टी आणि जी-सी अशा जोड्या जुळतात. आरएनए हे सामान्यतः एकाच साखळीचे असते आणि त्यात थायमिनऐवजी युरॅसिल (यू) असते.

माणसाची बीटा ग्लोबिन जनुके ११ व्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर एका समूहात आहेत. त्यांचा क्रम एप्सिलॉन, दोन गॅमा, डेल्टा आणि बीटा असा आहे. अल्फा समूह १६ व्या गुणसूत्रावर असून त्यात झीटा हे एक आणि अल्फा ही दोन जनुके येतात. दोन्ही समूहांत जनुके ज्या क्रमाने मांडलेली आहेत त्याच क्रमाने ती आयुष्यात कार्यरत होतात: आधी भ्रूणावस्थेतील, मग गर्भावस्थेतील, शेवटी प्रौढावस्थेतील. गुणसूत्रावरचे स्थान आणि वेळापत्रक यांचा असा मेळ जनुकशास्त्रात क्वचितच इतका स्वच्छ दिसतो.

प्रत्येक व्यक्तीला आईकडून एक व वडिलांकडून एक असा गुणसूत्रांचा जोड मिळतो. त्यामुळे पेशीत अल्फाची चार आणि बीटाची दोन जनुके असतात. तरीही दोन्ही प्रकारच्या साखळ्या जवळजवळ समान प्रमाणात तयार व्हाव्या लागतात. हा समतोल ढळला की आजार उद्भवतो.

शरीरातील जवळपास प्रत्येक केंद्रकयुक्त पेशीत ही जनुके असतात. मेंदूतील चेतापेशीत बीटा ग्लोबिनचे जनुक आहे, यकृताच्या पेशीतही आहे, परंतु तेथे ते मूक असते. तेथील डीएनए हिस्टोन प्रथिनांभोवती घट्ट गुंडाळलेला असतो आणि त्यावर मिथिल गटांच्या खुणा असतात, त्यामुळे जनुक वाचणाऱ्या विकरांना तेथे शिरकाव मिळत नाही. अस्थिमज्जेत तांबड्या पेशींच्या पूर्वज पेशी पक्व होऊ लागतात तेव्हाच हा भाग उलगडतो.

जनुकापासून प्रथिनापर्यंत

प्रतिलेखन. जनुकातील माहितीची आरएनएच्या रूपात नक्कल होणे याला प्रतिलेखन म्हणतात. आरएनए पॉलिमरेज हे विकर ती नक्कल करते. जनुकाच्या सुरुवातीलगत प्रवर्तक नावाचा छोटा पट्टा असतो व तेथे हे विकर बसते. मात्र केवळ प्रवर्तकाच्या बळावर बीटा ग्लोबिनचे प्रतिलेखन अत्यल्प होते. त्याला खरी गती देणारा भाग एप्सिलॉन जनुकाच्याही अलीकडे, बीटा जनुकापासून सुमारे ५० हजार अक्षरे दूर आहे. त्याला समूह-नियंत्रक प्रदेश असे म्हणता येईल. त्याचे महत्त्व १९८० च्या दशकात स्पष्ट झाले. डीएनएचा धागा वळून हा दूरचा प्रदेश प्रवर्तकाच्या निकट येतो आणि गाटा-१, केएलएफ-१ यांसारखी तांबड्या पेशींच्या मालिकेतील नियामक प्रथिने त्यांची गाठ घालून देतात. तो एका वेळी एकाच जनुकाशी जोडला जातो, त्यामुळे समूहातील जनुकांत त्याच्यासाठी एक प्रकारची स्पर्धा असते.

नेदरलँड्समधील एका कुटुंबात आढळलेल्या थॅलसेमियाने या दूरस्थ नियंत्रणाचा पुरावा दिला. रुग्णांचे बीटा जनुक व त्याचा प्रवर्तक पूर्णपणे अखंड होते, परंतु वरच्या बाजूचा डीएनएचा मोठा तुकडा गळला होता आणि त्यामुळे ते निरोगी जनुक मुके राहिले होते. घरातला दिवा शाबूत असून खांबावरची तार तुटावी तसा हा प्रकार.

स्प्लायसिंग. बीटा ग्लोबिनचे जनुक सुमारे १,६०० अक्षरांचे आहे, पण १४६ ॲमिनो अम्लांसाठी ४३८ अक्षरेच लागतात. उरलेल्या भागाचा मोठा वाटा इंट्रॉन नावाच्या दोन मधल्या तुकड्यांचा आहे. पहिला १३० आणि दुसरा ८५० अक्षरांचा असतो. नक्कल तयार झाल्यावर हे तुकडे कापून टाकले जातात आणि एक्सॉन नावाचे तीन उपयुक्त तुकडे एकमेकांना जोडले जातात. या कापणी-जुळणीला स्प्लायसिंग म्हणतात. जनुके अशी खंडित असतात हे १९७७ मध्ये प्रथम एका विषाणूत दिसून आले. त्या शोधासाठी रिचर्ड रॉबर्ट्स आणि फिलिप शार्प यांना १९९३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. सशाच्या व उंदराच्या बीटा ग्लोबिन जनुकांतही त्याच सुमारास असे खंड आढळले आणि हा प्रकार केवळ विषाणूंपुरता नाही हे सिद्ध झाले. जुळणीबरोबरच संदेशाच्या एका टोकाला संरक्षक टोपी व दुसऱ्या टोकाला ॲडेनिनांची लांब शेपटी जोडली जाते. असा पूर्ण झालेला संदेशवाही आरएनए केंद्रकाबाहेर पडतो.

भाषांतरण. संदेशातील अक्षरांचे ॲमिनो अम्लांच्या क्रमात रूपांतर होणे म्हणजे भाषांतरण. हे काम रायबोसोम करतात. तीन-तीन अक्षरांचा एक संकेत एका ॲमिनो अम्लाचा निर्देश करतो आणि वाहक आरएनए ते ॲमिनो अम्ल घेऊन येतो. उदाहरणार्थ, 'जीएजी' या संकेताचा अर्थ ग्लुटामिक अम्ल, तर 'जीयूजी' चा अर्थ व्हॅलिन. ही संकेतभाषा १९६१ पासून पुढच्या काही वर्षांत उलगडली. तिच्याबद्दल मार्शल निरेनबर्ग, हरगोविंद खुराना आणि रॉबर्ट हॉली यांना १९६८ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

भाषांतरणाच्या अभ्यासात सशाच्या अपक्व तांबड्या पेशींचा वाटा मोठा आहे. हॉवर्ड डिंट्झिस यांनी १९६१ मध्ये या पेशींना किरणोत्सारी ल्यूसिन पुरवून हिमोग्लोबिनची साखळी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे क्रमाने वाढते हे दाखवले. संदेशवाही आरएनएच्या एकाच धाग्यावर अनेक रायबोसोम एकामागोमाग चालत असल्याचे १९६३ मध्ये याच पेशींत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसले. एका धाग्यावर बहुधा पाच रायबोसोम होते.

तांबडी पेशी पक्व होताना स्वतःचे केंद्रक बाहेर टाकते. म्हणजे जनुकेच नाहीशी होतात. तरीही पुढचा एक-दोन दिवस तिच्यात हिमोग्लोबिन तयार होत राहते, कारण ग्लोबिनचे संदेश असाधारण टिकाऊ असतात. अल्फा ग्लोबिनच्या संदेशाच्या शेपटीकडील भागाला विशिष्ट प्रथिने बिलगून त्याचे विघटन रोखतात. बहुतेक इतर संदेश तोवर नष्ट झालेले असतात.

भाषांतरणालाही लगाम आहे. पेशीत हीम कमी पडले तर एक विशिष्ट विकर जागृत होते व भाषांतरणाचा प्रारंभ करून देणाऱ्या घटकाला फॉस्फेट जोडून निष्क्रिय करते. परिणामी हीमच्या पुरवठ्यापलीकडे ग्लोबिन तयार होत नाही. लोहाच्या कमतरतेने होणाऱ्या रक्तक्षयात तांबड्या पेशी आकाराने लहान व फिक्या दिसतात, त्यामागे हेही एक कारण आहे. रोजच्या आहारातील लोह आणि रायबोसोमचे काम यांचा संबंध असा थेट आहे.

एका अक्षराचा बदल : सिकलसेल आजार

शिकागोतील वैद्य जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये एका तरुण रुग्णाच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी आढळल्याची नोंद प्रसिद्ध केली. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग, हार्वे इटानो व सहकाऱ्यांनी विद्युत क्षेत्रात या रुग्णांचे हिमोग्लोबिन निराळ्या गतीने सरकते हे दाखवून या विकाराला रेण्वीय रोग म्हटले. रोगाचे मूळ एका रेणूच्या रचनेत शोधण्याची ही वैद्यकातील पहिली ठळक घटना होती. नेमका फरक व्हर्नन इनग्राम यांनी १९५६-५७ मध्ये केंब्रिज येथे शोधला. बीटा साखळीतील सहाव्या स्थानी ग्लुटामिक अम्लाऐवजी व्हॅलिन आलेले होते. डीएनएच्या पातळीवर 'जीएजी' चे 'जीटीजी' झाले, एवढाच हा बदल. त्या वेळी संकेतभाषा उलगडलेली नव्हती. जनुकातील बदल म्हणजे प्रथिनातील एका ॲमिनो अम्लाचा बदल, हे इनग्राम यांच्या प्रयोगाने प्रत्यक्ष दाखवले.

ग्लुटामिक अम्लावर ऋण विद्युतभार असतो. व्हॅलिन मात्र भाररहित आणि पाण्यापासून दूर राहणारे आहे. प्राणवायू सोडलेल्या हिमोग्लोबिनमध्ये हे व्हॅलिन शेजारच्या रेणूवरील खाचेत अडकते आणि रेणूंच्या लांब ताठ दोऱ्या तयार होतात. त्यांच्या ताणाने पेशी विळ्यासारखी वाकते. अशा पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकून तीव्र वेदना निर्माण करतात. त्या १० ते २० दिवसांतच फुटतात, त्यामुळे कायमचा रक्तक्षय राहतो. प्लीहा लवकर निकामी होते व लहान मुलांना जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

दोन्ही पालकांकडून बदललेले जनुक मिळाल्यास आजार होतो. एकाच पालकाकडून मिळाल्यास व्यक्ती वाहक असते व सहसा निरोगी आयुष्य जगते. दोन वाहकांच्या प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहकांना गंभीर हिवतापापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते, असे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेतील निरीक्षणांवरून मांडले. हिवतापाच्या प्रदेशांत हे जनुक टिकून का राहिले याचे स्पष्टीकरण त्यातून मिळते. प्रयोगशाळेत डीएनएचा नेमका तुकडा वाढवण्याच्या पीसीआर तंत्राचा १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेला पहिला उपयोगही याच बदलाच्या निदानासाठी होता.

थॅलसेमिया : प्रमाणातील बिघाड

सिकलसेल आजारात साखळी पुरेशी तयार होते, पण सदोष असते. थॅलसेमियात बहुधा साखळी निर्दोष असते, पण अपुरी तयार होते किंवा मुळीच होत नाही. बीटा थॅलसेमियात बीटा साखळ्या कमी पडल्याने अल्फा साखळ्या सुट्या राहतात. त्या एकट्या स्थिर राहू शकत नाहीत. त्यांचा साका पूर्वज पेशींतच साचतो आणि पेशी अस्थिमज्जेतून बाहेर पडण्याआधीच मरतात. म्हणून या रोगात खरी हानी कमी पडलेल्या साखळीपेक्षा उरलेल्या साखळीने अधिक होते. तीव्र प्रकारात मुलाला दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. त्या रक्तातून शरीरात साचणारे लोह हृदय व यकृताला इजा करते, त्यामुळे लोह बाहेर काढणारी औषधेही कायम घ्यावी लागतात. थॉमस कूली यांनी १९२५ मध्ये या रोगाचे वर्णन केले.

बीटा थॅलसेमियाला कारणीभूत असे शेकडो बदल ज्ञात आहेत. अभिव्यक्तीची अशी एकही पायरी नाही जिच्यावरचा बिघाड कोणत्या ना कोणत्या रुग्णात सापडलेला नाही. प्रवर्तकातील एक अक्षर बदलले की प्रतिलेखन मंदावते. पहिल्या इंट्रॉनच्या पाचव्या स्थानी 'जी' ऐवजी 'सी' आले की कापणीची खूण पुसट होते आणि बरेचसे संदेश चुकीच्या जागी कापले जातात. भारतीय रुग्णांत हाच बदल सर्वाधिक आढळतो. भूमध्य प्रदेशात, विशेषतः सार्डिनिया बेटावर, ३९ व्या संकेताच्या जागी पूर्णविरामाचा संकेत येतो आणि साखळी अर्ध्यावर तुटते. शेपटी जोडण्याची खूण बिघडल्यानेही संदेश कमकुवत होतो. सिंधी समाजात जनुकाच्या शेवटाकडील ६१९ अक्षरे गळालेला प्रकार विशेष आढळतो. फाळणीनंतर उल्हासनगरसारख्या ठिकाणी वसलेल्या या समाजामुळे महाराष्ट्रातील थॅलसेमियाच्या नोंदींत हा प्रकार ठळकपणे येतो.

काही बदल दोन्ही वर्गांत बसतात. ईशान्य भारतात व आग्नेय आशियात आढळणाऱ्या हिमोग्लोबिन-ई मध्ये २६ व्या संकेतातील ग्लुटामिक अम्लाच्या जागी लायसिन येते. त्याच बदलामुळे एक्सॉनमध्ये कापणीची एक खोटी खूण जागी होते आणि योग्य संदेशांचे प्रमाणही घटते. एकच अक्षर प्रथिनाचा गुण आणि त्याचे प्रमाण दोन्ही बदलू शकते, याचे हे उदाहरण. अल्फा साखळीत याच्या उलट टोकाचा प्रकार दिसतो. तेथे पूर्णविरामाचा संकेतच बदलल्याने रायबोसोम थांबत नाही, साखळी ३१ ॲमिनो अम्लांनी लांबते व तिचा संदेश अस्थिर होतो. या रूपाला हिमोग्लोबिन कॉन्स्टंट स्प्रिंग म्हणतात.

गर्भातील हिमोग्लोबिन आणि जनुकांची अदलाबदल

भ्रूणाच्या पहिल्या काही आठवड्यांत पीतक कोशातील पेशी झीटा व एप्सिलॉन साखळ्यांचे हिमोग्लोबिन बनवतात. पुढे यकृत हे काम घेते आणि अल्फा व गॅमा साखळ्यांचे हिमोग्लोबिन-एफ तयार होऊ लागते. जन्माच्या सुमारास अस्थिमज्जेकडे काम येते, गॅमा जनुके मंदावतात आणि बीटा जनुक वेग घेते. नवजात अर्भकाच्या रक्तात अर्ध्याहून अधिक हिमोग्लोबिन-एफ असते. पहिल्या वर्षात ते झपाट्याने घटते व प्रौढात साधारण एक टक्का किंवा त्याहून कमी उरते.

हिमोग्लोबिन-एफ प्राणवायूला अधिक घट्ट धरते, म्हणून वारेतून आईच्या रक्तातील प्राणवायू गर्भाकडे ओढला जातो. जन्मानंतर या गुणाची गरज उरत नाही. परंतु हे हिमोग्लोबिन प्रौढ वयात हानिकारकही नसते. काही व्यक्तींत गॅमा जनुके आयुष्यभर चालू राहतात आणि त्यांना कोणताही त्रास होत नाही. ही साधी गोष्ट पुढे उपचारांचा पाया ठरली. न्यूयॉर्कमधील बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांनी १९४८ मध्ये सिकलसेल आजार असलेल्या नवजात बालकांच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी फारच कमी दिसतात हे नोंदवले व त्याचे श्रेय गर्भातील हिमोग्लोबिनला दिले. गॅमा साखळी असलेला रेणू त्या ताठ दोऱ्यांत सामील होत नाही, हे नंतर समजले. रुग्णाच्या प्रत्येक पेशीत आजारावरचा तोडगा निद्रिस्त जनुकाच्या रूपात आधीपासूनच आहे, असा याचा अर्थ होतो.

गॅमा जनुकांना झोपवणारा घटक मात्र २००८ पर्यंत अज्ञात होता. अनेक व्यक्तींच्या संपूर्ण जनुकसंचाची तुलना करताना हिमोग्लोबिन-एफच्या प्रमाणाशी निगडित असा एक भाग दुसऱ्या गुणसूत्रावर सापडला. तेथील बीसीएल-११-ए हे जनुक एका दमनकारी प्रथिनाची माहिती देते. विजय शंकरन, स्टुअर्ट ऑर्किन आणि सहकाऱ्यांनी हे प्रथिन कमी केल्यास गॅमा साखळ्या वाढतात हे दाखवले. हे प्रथिन गॅमा जनुकाच्या प्रवर्तकाला थेट चिकटते. त्या जागेवरील अक्षरे जन्मतः बदललेल्या व्यक्तींत ते चिकटू शकत नाही, आणि अशाच काही व्यक्तींत हिमोग्लोबिन-एफ आयुष्यभर टिकून राहते.

अभिव्यक्ती बदलणारे उपचार

मूकपणाची खूण असलेले मिथिल गट कमी करणारे ॲझासायटिडिन हे औषध १९८२ मध्ये थॅलसेमियाच्या एका रुग्णाला दिले गेले व त्याच्या गॅमा साखळ्या वाढल्या. मात्र औषधाच्या विषारीपणामुळे ही वाट रुळली नाही. त्याऐवजी हायड्रॉक्सियुरिया हे मूळचे कर्करोगावरील औषध उपयोगी ठरले. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत त्याने प्रौढ रुग्णांतील वेदनेचे झटके जवळपास निम्म्यावर आणले. १९९८ मध्ये तेथील औषध प्रशासनाने सिकलसेल आजारासाठी त्याला मान्यता दिली. ते तोंडाने घेता येते व तुलनेने स्वस्त आहे. उपचार घेताना रक्तपेशींच्या संख्येची नियमित तपासणी आवश्यक असते.

क्रिस्पर तंत्रावर आधारित कॅसजेव्ही या उपचाराला नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनमध्ये व डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. त्यात बीटा जनुकातील चूक दुरुस्त केली जात नाही. रुग्णाच्या रक्तनिर्मिती करणाऱ्या मूळ पेशी काढून घेतात आणि त्यांतील बीसीएल-११-ए जनुकाच्या एका वर्धकावर छेद देतात. हा वर्धक केवळ तांबड्या पेशींच्या मालिकेत काम करतो. हे जनुक मेंदूच्या व प्रतिकारशक्तीच्या पेशींना आवश्यक असल्याने ते सरसकट बंद करणे परवडणारे नव्हते. छेद दिलेल्या पेशी परत देण्याआधी रुग्णाच्या जुन्या अस्थिमज्जेतील पेशी तीव्र औषधांनी नष्ट कराव्या लागतात. त्यामुळे वंध्यत्वासह इतर धोके संभवतात आणि रुग्णालयात दीर्घकाळ राहावे लागते. अमेरिकेत या उपचाराची किंमत सुमारे २२ लाख डॉलर ठरवण्यात आली. जगातील बहुसंख्य रुग्ण आफ्रिकेत व भारतात आहेत, हे पाहता हा आकडा वैज्ञानिक यशाइतकाच बोलका आहे. जुळणाऱ्या भावंडाची अस्थिमज्जा मिळाल्यास प्रत्यारोपण हा त्याआधीपासूनचा, रोगमुक्त करू शकणारा पर्याय आहे.

भारत आणि महाराष्ट्र

भारतात सिकलसेल जनुकाची पहिली नोंद १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासी समाजात झाली. त्यानंतर मध्य भारताच्या मोठ्या पट्ट्यात ते आढळले. महाराष्ट्रात पूर्व विदर्भातील गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा व नागपूर, तसेच मेळघाट आणि नंदुरबार या भागांत त्याचे प्रमाण अधिक आहे. गोंड, माडिया, भिल्ल, पावरा या आदिवासी समाजांबरोबर इतर समाजांतही ते आहे. त्यामुळे हा केवळ आदिवासींचा आजार असल्याचा समज बरोबर नाही.

भारतीय रुग्णांतील सिकलसेल जनुकाभोवतीचा डीएनए बहुधा अरब-भारतीय या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विशिष्ट प्रकारचा असतो. त्यात एका गॅमा जनुकाच्या प्रवर्तकाजवळील अक्षर बदललेले असते. अशा रुग्णांत हिमोग्लोबिन-एफचे प्रमाण आफ्रिकी वंशाच्या बहुसंख्य रुग्णांपेक्षा जास्त राहते. म्हणून भारतातील आजार सौम्य असतो असे पूर्वी मानले जाई. विदर्भातील रुग्णांच्या अभ्यासांत तीव्र आजाराची अनेक उदाहरणे आढळल्याने हे विधान सर्वांना लागू करता येत नाही. मुंबईत परळ येथे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची रक्तविकारांवरील राष्ट्रीय संस्था असून तेथे या विकारांवर दीर्घकाळ संशोधन होत आले आहे. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत आजाराचे निर्मूलन ही त्याची उद्दिष्टे आहेत.

तपासणीत विद्राव्यता चाचणी ही सर्वात स्वस्त व गावपातळीवर करता येण्याजोगी आहे. रक्ताचा थेंब विशिष्ट द्रावणात टाकल्यावर ते गढूळ झाले तर सिकल हिमोग्लोबिन आहे असे समजतात. मात्र ही चाचणी वाहक व रुग्ण यांच्यात भेद करीत नाही. त्यासाठी विद्युत संचलन किंवा एचपीएलसी ही तपासणी करावी लागते. थॅलसेमियाचे वाहक ओळखताना याच तपासणीत हिमोग्लोबिन-ए२ कडे पाहतात. अल्फा व डेल्टा साखळ्यांचे हे हिमोग्लोबिन एरवी दोन ते तीन टक्के असते. बीटा थॅलसेमियाच्या वाहकांत ते साधारणतः ३.५ टक्क्यांच्या वर जाते. लोहाची कमतरता असल्यास हा आकडा खाली येऊन वाहक नजरेतून सुटू शकतो, म्हणून लोहाची स्थितीही पाहिली जाते.

नवजात बालकांच्या बाबतीत विद्राव्यता चाचणी निरुपयोगी ठरते. त्यांच्या रक्तात अजून गॅमा साखळ्यांचे प्राबल्य असते व सिकल हिमोग्लोबिन इतके थोडे असते की द्रावण गढूळ होत नाही. टाचेतून घेतलेल्या रक्ताची एचपीएलसी किंवा डीएनए तपासणी केल्यास मात्र निदान जन्मानंतर लगेच होते. तसे झाल्यास गॅमा जनुके मंदावण्यापूर्वीच, म्हणजे आजाराची लक्षणे दिसण्याआधी, बाळाला न्यूमोकोकस जंतूंविरुद्धची लस व पेनिसिलिन सुरू करता येते.